शाळेच्या वेळात वर्ग बायबल क्लासला जातो, आपला मुलगा मागे राहतो. काय करावं?

मृणाल_ओहायो:
नमस्कार मंडळी, थोडा लांबलचक प्रश्न आहे, वाचून सल्ला द्या प्लीज.

आम्ही कोलंबसजवळ एका सबर्बमध्ये राहतो, मुलगा तिसरीत, पब्लिक स्कूल. ह्या वर्षीपासून त्याच्या शाळेत आठवड्यातून एकदा बस येते आणि ज्यांच्या आईबाबांनी फॉर्म भरून दिलाय ती मुलं त्यात बसून जवळच्या चर्चमध्ये बायबल क्लासला जातात, तासाभराने परत. शाळा सुटल्यावर नाही, शनिवार-रविवारी नाही, भर शाळेच्या वेळात. ह्याला रिलीज्ड टाइम म्हणतात म्हणे. आम्ही फॉर्म भरला नाही, घरात त्यावर फार चर्चा पण झाली नाही, घरी देवपूजा आहे, रविवारी मराठी शाळा आहे, अजून काय हवं.

पण आता झालंय असं की वर्गातली अर्ध्याहून जास्त मुलं जातात, त्यात ह्याचे दोन्ही जिवलग मित्र. उरलेल्या चार-पाच जणांना लायब्ररीत बसवतात. नवीन काही शिकवत नाहीत कारण मग गेलेली मुलं मागे पडतील, म्हणून वर्कशीट द्यायची नाहीतर क्रोमबुक उघडून द्यायचं. आणि ती मुलं परत येतात ती हातात कँडी, मनगटावर रंगीत रबरी पट्टी, तोंडात नवीन गाणं, मग दुपारभर वर्गात तेच चालू. परवा झोपताना मला म्हणाला आई मी फक्त एकदा जाऊन बघू का. आणि मग हळूच, की मित्र म्हणाला तू आला नाहीस तर तू हेवनमध्ये पण नसशील, मग मी तिथे कोणाशी खेळू. त्या लेकराचा मला अजिबात राग आला नाही, त्याला हा तिथे हवाय म्हणूनच तो रडवेला झाला होता. पण मला मात्र रात्रभर झोप नाही.

नवरा म्हणतो पाठव, चार गोष्टी ऐकून कोणी बाटत नाही. मला ते पटत नाही पण नेमकं का पटत नाही ते सांगताही येत नाही. सिटिझनशिपच्या परीक्षेसाठी आपण पाठ केलं होतं ना, कोणताही धर्म पाळा किंवा कोणताच पाळू नका, ते स्वातंत्र्य. मग सरकारी शाळेत हे चालतं कसं? कायद्यात बसतं का हे? आणि शाळेत जाऊन बोलले तर पोरालाच त्रास होईल का, ही खरी भीती आहे.

शंतनू_कोथरूड:
मी इथे पुण्यात बसून बोलतोय त्यामुळे तुमच्या तिकडचं पूर्ण कळत नसेल, पण आम्ही अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये काढली, रोज सकाळी प्रार्थना म्हणायचो, ख्रिसमसला गोठा सजवायचो, एकही जण ख्रिस्ती झाला नाही. उलट चांगल्या गोष्टी कानावर पडल्या. तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे असं वाटतं. मुलाला मित्रांबरोबर राहू द्या.

क्लीव्हलंडचे_काका:
मृणाल, कायद्याचं आधी सांगतो. मी वकील नाही पण ओहायोत तीस-एक वर्षं काढली, मुलं इथल्याच पब्लिक स्कूलमधून शिकली आणि हा विषय आमच्याकडेही येऊन गेलाय म्हणून वाचलेलं आहे.

हो, बसतं कायद्यात. ही पद्धत बरीच जुनी आहे, १९१४ मध्ये इंडियानातल्या गॅरी गावात सुरू झाली. सुप्रीम कोर्टापुढे हा प्रश्न दोनदा आला. पहिला खटला १९४८ चा, मॅककॉलम, इलिनॉयमधल्या शँपेन गावचा. तिथे धर्माचा तास शाळेच्या इमारतीतच व्हायचा, वर्गातच बाहेरचे शिक्षक येऊन शिकवायचे, आणि मॅककॉलम बाईंचा मुलगा जायचा नाही म्हणून त्याला एकट्याला बाहेर बसवायचे. कोर्टाने आठ विरुद्ध एकने सांगितलं की हे चालणार नाही. त्या निकालात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी जे लिहिलंय ते तुझ्या मुलासाठीच लिहिलंय असं वाटावं. मथितार्थ असा, की मुलाला पर्याय दिला म्हणजे दबाव थोडा कमी होईल पण संपत नाही, मुलं एकमेकांचं बघून करतात, चारचौघांपेक्षा वेगळं राहणं हा काही लहान मुलांचा स्वभाव नाही.

मग चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, न्यूयॉर्कचा झोराक खटला. तिथे मुलं शाळेबाहेर जायची, सरकारी पैसा नव्हता, पालकांची लेखी परवानगी होती. कोर्टाने सहा विरुद्ध तीनने सांगितलं चालेल. आज देशभर जिथे जिथे ही बस येते ती ह्या निकालाच्या जोरावर येते. न्यायमूर्ती डग्लस यांनी त्यात लिहिलं की आम्ही धार्मिक लोक आहोत आणि आमच्या संस्थांच्या मुळाशी परमेश्वर गृहीत धरलेला आहे. विरोधात मत देणारे जॅक्सन म्हणाले की अशाने जो मुलगा चर्चला जाणार नाही त्याच्यापुरती शाळा म्हणजे तात्पुरता तुरुंग होते. आणि जॅक्सन यांची स्वतःची मुलं चर्चच्या खाजगी शाळेत शिकलेली होती, ते त्यांनी निकालपत्रात लिहूनच ठेवलं, की सक्तीला विरोध म्हणजे धर्माला विरोध असं समजू नका. मृणाल, तुला जे सांगता येत नाहीये ना ते बहुतेक हेच आहे.

आता ओहायोचं. पूर्वी इथे शाळांना मुभा होती, असं धोरण ठेवायचं तर ठेवा नाहीतर नको. जानेवारी २०२५ मध्ये गव्हर्नर डिवाइन यांनी हाउस बिल ८ वर सही केली, त्यानंतर प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाला, असं धोरण करणं बंधनकारक झालं. पण त्याच कायद्यात अटी पण आहेत त्या नीट बघ. पालकांची लेखी परवानगी हवी, सरकारी पैसा लागता कामा नये, शाळेच्या कर्मचाऱ्यांनी त्या शिकवण्यात भाग घ्यायचा नाही, ने-आण त्यांची त्यांनी करायची आणि गणित-वाचन असल्या मुख्य विषयाच्या तासाला मुलाला सोडायचं नाही.

तेव्हा पहिलं काम, डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरून ते धोरण उतरवून घे. दुसरं, मुख्याध्यापकांना ईमेल, शांत भाषेत, दोनच प्रश्न: हा तास कोणत्या विषयाचा कापला जातो, आणि न जाणाऱ्या मुलांना त्या वेळात काय शिकवलं जातं. बस का येते हे विचारू नकोस, त्याचं उत्तर कायद्यात आहे आणि त्यात तुझी शक्ती फुकट जाईल.

वसईकर_जर्सी:
मी मुद्दाम लिहितोय कारण मी स्वतः ख्रिस्ती आहे, वसईचा कुपारी, आता न्यू जर्सीत. शंतनू, तुमच्या कॉन्व्हेंटबद्दल जे लिहिलंत ते छान वाटलं वाचून, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॉन्व्हेंट तुमच्या आईवडिलांनी निवडली होती, फी भरून, माहीत असून की ही चर्चची शाळा आहे. मृणालताईंची शाळा प्रॉपर्टी टॅक्समधून चालते, तिथे त्यांनी मुलाला धर्मासाठी घातलेलं नाही. आपल्याकडे पण घटनेचं कलम २८ आहे ना, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत असेल तर पालकांच्या संमतीशिवाय मुलाला बसवायचं नाही.

आणि आमच्या वसईतल्या शाळेत काय व्हायचं ते सांगतो. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास आणि त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. तो तास कोणी रिकामा सोडायचं नाही, आमच्या एक बाई होत्या त्या मूल्यशिक्षणात गोष्टी इतक्या रंगवून सांगायच्या की आम्ही धर्मशिक्षणाला बसलेली पोरं खिडकीतून तिकडे कान लावायचो. मागे राहिलेल्यांना आपण मागे राहिलोय असं वाटायचंच नाही. ओहायोतल्या शाळेने एवढं केलं तरी निम्मा प्रश्न सुटेल.

अजून एक. लोकांना वाटतं हा ख्रिस्ती विरुद्ध बाकीचे असा मामला आहे, तसं नाहीये. बायबल क्लास म्हटलं की कोणाचं बायबल हा प्रश्न येतोच. माझी मुलं कॅथलिक, संध्याकाळी पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, सीसीडीला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) जातात, त्याचा खर्च आम्ही पॅरिशचे लोक करतो. शाळेच्या वेळात कुठल्यातरी वेगळ्या पंथाच्या चर्चमध्ये जाऊन त्यांनी मारियाबद्दल, संतांबद्दल, पोपबद्दल भलतंच काही ऐकून यावं हे मला चालणार नाही. आणि हे भांडण ओहायोतच झालेलं आहे, दीडशे वर्षांपूर्वी! सिनसिनाटीत पब्लिक स्कूलमध्ये रोज प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचायचे, कॅथलिक मुलं म्हणून शाळेत येत नसत, ज्यू लोकांनाही ते मान्य नव्हतं. १८६९ मध्ये स्कूल बोर्डाने ठराव करून ते वाचन बंद केलं तर गावात एवढा भडका उडाला की त्याला बायबल वॉर असं नावच पडलं. बोर्डावर खटला भरला, खालच्या कोर्टात बोर्ड हरलं, तिथे एकट्या न्यायाधीशाने बोर्डाच्या बाजूने मत दिलं ते अल्फॉन्सो टाफ्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या टाफ्टचे वडील. मग १८७२ मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने बोर्डाचंच बरोबर ठरवलं. सुप्रीम कोर्टाने देशभर शाळेतलं बायबलवाचन बंद केलं ते १९६३ मध्ये, म्हणजे ओहायो नव्वद वर्षं पुढे होतं. हे तुमच्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी सांगायला हवं, आपल्याच राज्याचा इतिहास आहे तो.

अनघा_सॉल्टलेक:
मृणाल, मी युटामधून लिहितेय. इथे हे अगदी अंगवळणी पडलेलं आहे. सॉल्ट लेक सिटीत १९१२ पासून चालू आहे, हायस्कूलच्या अगदी शेजारी मॉर्मन चर्चची स्वतःची इमारत, तिला सेमिनरी म्हणतात, मुलं एका पिरियडला चालत तिकडे जातात आणि परत येतात. माझ्या मुलीच्या ग्रुपमधल्या सगळ्या जायच्या.

पण बघ, हायस्कूलमध्ये तो टाइमटेबलमधला एक पिरियड असतो, ज्यांना जायचं नाही ते त्या वेळेला दुसरा विषय घेतात, माझ्या लेकीने सिरॅमिक्स घेतलं, ती काही रिकामी बसली नाही. तुझ्याकडे तिसरीतला अख्खा वर्ग फोडला जातोय आणि उरलेल्यांना नुसतं थांबवून ठेवलंय, हा फरक मोठा आहे. आठ वर्षांच्या मुलाला तो तास शिक्षेसारखाच वाटणार.

आता दुसरी बाजू पण लिहिते कारण ती लिहिली नाही तर ह्या लोकांवर अन्याय होईल. आम्ही इथे आलो तेव्हा आमचं कोणी नव्हतं. धाकट्याच्या वेळी मला बेडरेस्ट सांगितली होती आणि आईचा व्हिसा अडकला होता, तेव्हा शेजारच्या वॉर्डातल्या (मॉर्मन लोक आपल्या स्थानिक मंडळीला वॉर्ड म्हणतात) बायकांनी आपसात वार वाटून घेऊन जेवण आणलं. आम्ही मांसाहार करत नाही कळल्यावर एकीने बीन्स आणि भाताचा मोठा ट्रे आणला, वर चिकटवलेल्या कागदावर त्यात काय काय घातलंय ते सगळं लिहिलेलं, अगदी ब्रॉथ भाज्यांचा आहे इथपर्यंत. तिचा नवरा न सांगता आमच्या ड्राइव्हवेचा बर्फ काढून जायचा. चर्चला या असं बोलवलं त्यांनी, एकदा नाही पुष्कळदा, आम्ही नाही म्हटलं तरी जेवण थांबलं नाही. अमेरिकेत धर्म म्हणजे नुसती प्रार्थना नाही, फूड पँट्री, हॉस्पिटलं, घर जळालं तर कपडे, म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेणं, पुष्कळ ठिकाणी हे चर्चच करतं. म्हणून ती बस चालवणारी माणसं वाईट आहेत असं धरून शाळेत जाऊ नकोस. त्यांच्यातली एखादी आई भेटली तर तिच्याशीच बोल, मुलं हेवनचं काय बोलतात ते तिला सांग. मी तसंच केलं होतं आणि त्या बाईला मनापासून वाईट वाटलं, तिने मुलीला समजावलं पण.

आणि मुलाला आत्ताच सांगून ठेव की शाळेत झेंड्यासमोर निष्ठेची शपथ म्हणतात ना, त्या प्लेजला उभं राहायचं की नाही, म्हणायचं की नाही हेसुद्धा कोणी सक्तीने ठरवू शकत नाही. १९४३ चा बार्नेट निकाल. जेहोवाज विटनेस ह्या ख्रिस्ती पंथाच्या घरातल्या मुलांनी झेंड्याला सॅल्यूट करायला नकार दिला होता, शाळेने त्यांना काढून टाकलं, कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला, आणि ते भर युद्धाच्या काळात. तो निकाल लिहिणारे हेच जॅक्सन, काकांनी सांगितलेले.

रोहन_डब्लिन:
मी पण कोलंबसच्याच भागात आहे. एक वेगळा विचार. कायदा सगळ्या धर्मांना सारखा आहे ना, मग आपल्या मंदिराने का नाही सुरू करायचं? एक व्हॅन, दोन स्वयंसेवक, गोष्टी, श्लोक, थोडा योग. २०२४ च्या शेवटी इथे मेरिसव्हिलमध्ये सेटॅनिक टेंपलने पण स्वतःचा रिलीज्ड टाइमचा वर्ग काढला, त्यांना नाही म्हणता आलं नाही तर आपल्याला कोण म्हणेल? आणि आपण इथे काही पाहुणे नाही आहोत. सप्टेंबर २००० मध्ये वाजपेयी वॉशिंग्टनला आले होते तेव्हा हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली, ती म्हणणारे पुजारी आपल्या ओहायोचे, पार्माच्या शिव-विष्णू मंदिराचे. मग २००७ मध्ये सिनेटमध्ये पहिली हिंदू प्रार्थना झाली तेव्हा गॅलरीतून लोकांनी ओरडून अडथळा आणला, तरी ती पूर्ण झालीच. हक्क वापरला नाही तर तो फक्त कागदावर राहतो.

क्लीव्हलंडचे_काका:
रोहन, हक्क आहे हे शंभर टक्के खरं. पण विचार कर, एका वर्गातून एक बस चर्चला, एक व्हॅन मंदिराला, एक मशिदीला, आणि तरी शेवटी दोन मुलं उरतील ज्यांच्या घरी काहीच नाही, ती लायब्ररीत. आपण आपलं पोर त्या खोलीतून बाहेर काढू आणि दुसऱ्याचं तिथेच ठेवू. शिवाय पब्लिक स्कूलमध्ये सगळ्या जातीधर्माची पोरं एका बाकावर बसतात हेच तर तिचं मोल आहे. मंदिरात रविवारचा बालविहार आहेच की, तो सोडून शाळेचा तास कशाला कापायचा.

आणि एक गोष्ट समजून घ्या सगळ्यांनी, कोर्टात जाऊन हे बंद होईल अशा आशेवर राहू नका. २०२२ च्या केनेडी खटल्यात, वॉशिंग्टन राज्यातला तो फुटबॉल कोच मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करायचा, त्याच्या बाजूने निकाल लागला आणि शाळा-धर्म प्रकरणांत इतकी वर्षं लावलेली जुनी कसोटी बाजूला ठेवली गेली, आता इतिहास आणि परंपरा काय सांगते ते बघायचं. ओहायोत परंपरा म्हणाल तर राज्याचं ब्रीदवाक्यच मॅथ्यूच्या शुभवर्तमानातलं आहे, देवाला सर्व काही शक्य आहे. १९५९ मध्ये घेतलं, सिनसिनाटीच्या एका १२ वर्षांच्या मुलाने सुचवलं होतं, त्यावर खटला झाला तर २००१ मध्ये फेडरल अपील कोर्टाने ते कायम ठेवलं. पालकांचा शब्द मात्र कोर्ट आता जास्त मानतं. २०२५ मध्ये मेरीलँडच्या मुस्लिम आणि ख्रिस्ती पालकांनी काही गोष्टीच्या पुस्तकांच्या तासातून मुलांना बाहेर ठेवू द्या म्हणून केस केली, ती सहा विरुद्ध तीनने त्यांच्या बाजूने गेली. म्हणजे जे बायबलला पाठवतात त्यांच्याही सहीला मान आणि जे पाठवत नाहीत त्यांच्याही. त्याच जोरावर बोल मृणाल, की माझी सही नाही ह्याचा अर्थ माझ्या मुलाला त्या तासाला शाळेतच शिकायचं आहे, तर शिकवा.

मृणाल_ओहायो:
सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. काकांनी सांगितलं तसा ईमेल केला आणि मुख्याध्यापिकेने बोलावून घेतलं. बाई चांगल्या आहेत, ऐकून घेतलं त्यांनी. कळलं असं की तो तास लायब्ररी, म्युझिक, आर्ट अशा फिरत्या तासांपैकी कापला जातो, म्हणजे नियमात बसतं, पण त्यामुळे आमच्या वर्गाचा लायब्ररीचा तास फक्त नावालाच उरलाय. वसईकर दादांचं मूल्यशिक्षणाचं मी त्यांना सांगितलं, की थांबलेल्या मुलांना काहीतरी खरंखुरं द्या, तर त्या म्हणाल्या माणूस नाहीये द्यायला, पण लायब्रेरियनशी बोलते. आता दोन आठवडे लायब्रेरियन त्या मुलांना घेऊन एक छोटं वर्तमानपत्र काढतेय, माझा मुलगा हवामानाची बातमी लिहितो. कँडी वर्गात आणायची नाही, चर्चमध्येच खाऊन यायचं, हेही मान्य झालं.

मित्राच्या आईशी पण बोलले, अनघा. ती आधी थोडी गडबडली, मग म्हणाली माझ्या मुलाला तुमचा मुलगा इतका आवडतो की तो रोज रात्री प्रार्थनेत त्याचं नाव घेतो. मला काय बोलावं सुचेना. तिला म्हटलं प्रार्थना जरूर करू दे, फक्त हेवनमध्ये नसशील असं म्हणू नको दे. ती हो म्हणाली.

तरी तो अजून विचारतोच मी एकदा जाऊ का. नवऱ्याचं आणि माझं ठरलंय की मिडल स्कूलला गेल्यावर त्याला स्वतःला वाटलं तर आमच्यापैकी एकजण बरोबर जाऊन बसेल, पण आत्ता मित्र जातात म्हणून नाही.

स्कूल बोर्डाच्या पुढच्या मीटिंगला बोलायचं ठरवलंय, पब्लिक कॉमेंटला तीन मिनिटं देतात. न जाणाऱ्या मुलांसाठी शिकवण्याचा तास हे धोरणातच लिहा एवढीच मागणी. आमच्या शाळेतली एक ज्यू आई आणि एक कॅथलिक बाबा बरोबर यायला तयार आहेत. रोहन, तुझी मुलं ह्याच डिस्ट्रिक्टमध्ये आहेत का? असतील तर ये ना, आणि वसईकर दादा, ते सिनसिनाटीचं मला नीट लिहून पाठवता का, मी ते वाचून दाखवेन.

वसईकर_जर्सी:
आज रात्री पाठवतो ताई, तीन मिनिटांत बसेल एवढंच.

रोहन_डब्लिन:
हो, आहे ह्याच डिस्ट्रिक्टमध्ये. मंदिराची व्हॅन मी डोक्यातून काढलेली नाही, पण मीटिंगला येतो, बायकोला पण घेऊन येतो.